तुमच्या चर्चमधले संत कोण, ज्यांची मूर्ती कुठेच नाही?

पानवेल_वसई: 2 नोव्हेंबर, मृतांच्या स्मरणाचा दिवस, जवळ आला म्हणून सेमेटरीत आईबाबांची कबर धुवायला गेलो होतो. पलीकडच्या कबरीवर कोणीतरी आधीच चुना मारून ठेवलेला. त्या घरचं आता गावात कोणी राहत नाही. कोणी केलं असेल विचार करता करता आमचे पेटीमास्तर काका आठवले, चर्चमध्ये बाजाची पेटी वाजवणारे. दिवसभर वाडीत राबायचे, संध्याकाळी चर्चमध्ये पोरांना गीतं शिकवायचे. रविवारच्या शर्टाच्या खांद्यावरही केळीच्या चिकाचा काळा डाग असायचा, तो काही निघत नाही. रात्री-अपरात्री कोणी वारलं की सायकल काढून आळी-आळीत खबर द्यायला तेच, आणि सकाळी मयताला पेटीवर बसायलाही तेच. माझ्या लेखी हा माणूस संत. तुमच्याकडचे सांगा.

सोपारेकर: आमच्या चर्चमध्ये पोरांना धर्मशास्त्र शिकवणाऱ्या टीचर!! पाऊस असो की ताप, रविवार चुकवला नाही. बाकी रात्री लिहिते, मासळी साफ करायची पडलीय

मालवणकार: माका आमच्या वाडीतली मावशी आठावली. कोण तापान पडलो की पेजेचो डबो घेवन हजर. समोरचो किरिस्तांव काय हिंदू, कधी विचारूक नाय.

वाडीची_मिनी: @मालवणकार पेज म्हटल्यावर भूक लागली. सोबत सुका बांगडा भाजलेला ना?

मालवणकार: तर! आणि खाराची कैरी

नंदाखाल_ते_दादर: भावना पोचली, पण संत ठरवायचं काम रोमचं, म्हणजे पोपचं ना? आपल्या वसईच्या गोन्सालो गार्सियांना नागासाकीत क्रुसावर मारलं 5 फेब्रुवारी 1597 ला, संत म्हणून जाहीर केलं 1862 मध्ये. आपण कोण असे पटापट ठरवणारे.

पानवेल_वसई: जाहीर करायचं काम रोमचंच, मान्य. पण 1 नोव्हेंबरचा सर्व संतांचा सण कोणासाठी आहे? ज्यांची नावं कुठल्याच यादीत नाहीत त्या सगळ्यांसाठीही. आणि गोन्सालो तरी कोण होते, आधी व्यापारी, मग फ्रान्सिस्कन संघातले ब्रदर, म्हणजे साधे व्रतस्थ. फादर नव्हतेच ते.

वेंगुर्ल्याची_सून: आम्ही प्रोटेस्टंट, मूर्ती नाहीतच आमच्याकडे. पण बायबलमध्ये प्रेषित पौलाने पत्रं लिहिली ती मंडळीतल्या सगळ्यांनाच पवित्र जन म्हणून. करिंथ शहरातली मंडळी तर आपापसात भांडून कोर्टात जाणारे, तरी त्यांनाही तसंच म्हटलंय. मला बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ पुस्तकातली यापो गावची दुर्कस फार आवडते. ती वारल्यावर विधवा रडत रडत प्रेषित पेत्राला काय दाखवतात, तर तिने शिवलेले कपडे. माझ्या सासूबाई तशाच. नाताळ आला की मशीन रात्रभर खडखडायचं, गरजूंच्या पोरींचे फ्रॉक. आणि फ्रॉकला खिसा हवाच. पोरीला केक लपवून घरी न्यायला खिसा नको का, म्हणायच्या.

वाडीची_मिनी: खिसा 😭😭

सोपारेकर: आले. तर टीचर. माझे वडील दारू प्यायचे, गावाला माहीत होतं. पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घ्यायच्या वेळी माझा पांढरा ड्रेस झालेला नव्हता. टीचरनी आपल्या मुलीचा आणून दिला, आणि वर्गात सांगितलं की हिच्या आईने शिवलाय. हे आईला आणि मला सोडून कोणालाच माहीत नव्हतं. आज पहिल्यांदा लिहितेय.

नंदाखाल_ते_दादर: ताई, टीचरच्या बाबतीत मी रोमची वाट बघणार नाही. 🙏

मालवणकार: टीचर हत की गेले?

सोपारेकर: आहेत. दिसत नाही फारसं, पण रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणताना कोणी चुकलं तर लगेच टोकतात

अलिबागचा_पोरगा: आमच्याकडे मिस्सा (चर्चमधली उपासना) झाल्यावर बाकं पुसणारे आजोबा होते. कोणी सांगितलेलं नव्हतं, पगार नव्हता. एवढंच. जास्त लिहिता येत नाही मला.

पानवेल_वसई: पुरे आहे की भावा. बरं, ती कबर कोणी चुना मारली ते कळलं. शेजारच्या आळीतली काकी, ज्यांचं कोणी नाही त्यांच्या सगळ्या कबरी ती करते. या शनिवारी आम्ही पाच-सहा जण तिच्या मदतीला जातोय. चुना आणलाय, ब्रश कमी आहेत.

वाडीची_मिनी: माझ्याकडे दोन आहेत, रंगकामातले. किती वाजता?