वर्ल्डकपच्या मॅचला डीजे लावायचा का? (साऊंडवालाच विचारतोय)

कर्णेवाला, शिरोडा

मंडळी, माझा धंदा माईक-मंडपाचा. भजन, दशावतार, लग्न, बारसं, निवडणुकीची रिक्षा, आमच्या पट्ट्यात बहुतेक ठिकाणी माझेच बॉक्स. त्यामुळे पुढचं वाचून कोणी म्हणेल की हा स्वतःच्याच पोटावर पाय देतोय. म्हणू दे.

वाडीतली पोरं यंदा फुटबॉलचा 2026 चा वर्ल्डकप मोठ्या पडद्यावर दाखवायचं म्हणतायत. 11 जून ते 19 जुलै, 48 संघ, 104 मॅचेस. सगळ्या नाही, निवडक. वेळ तशी बरी सापडलीय. 1 जूनपासून मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, लग्नं आणि जत्रा आटपलेल्या. रापणीवाले, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे, मोकळे, मीही मोकळा. देवळाशेजारचं सभागृह मिळतंय, पडदा माझा, प्रोजेक्टर एका मास्तरांचा.

अडलंय ते आवाजावर. पोरं म्हणतात, कॉमेंट्री बंद करू आणि डीजे लावू. गोल झाला की गाणं, कॉर्नर मिळाला की गाणं, कोणी आपटला की तो खिदळण्याचा आवाज. टेनिसबॉल क्रिकेटच्या टूर्नामेंटला करतात तसं. अरे, पण क्रिकेटला ते खपतं, कारण बॉलर परत चालत जातो तेवढ्यात गाण्याची एक ओळ बसते. फुटबॉलला पाणी प्यायचा थांबा सोडला तर 45 मिनिटं फटच नाही. गाणं घालायचं तर ते कशावर तरी पडणार, आणि पडतं ते मैदानातल्या लोकांच्या आवाजावर.

माझ्या मते मॅचचं संगीत तेच. विंगर बॉल घेऊन कडेने निघाला की आधी बारीक गुणगुण, मग खुर्च्या वाजायला लागतात, मग तो लांब ‘ऊऽऽऽ’. कान तयार असेल तर डोळे मिटूनही कळतं की आता शॉट बसणार. डबलबारी, म्हणजे दोन भजनीबुवांचा सामना, ऐकणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. एका बुवाने गजर टिपेला नेला की समोरचा बुवा मान खाली घालून ऐकत असतो, आणि पाळी आली की त्याच्याच शब्दाला धरून त्याला परत देतो. इंग्लंडमध्ये दोन बाजूंचे प्रेक्षक 90 मिनिटं हेच करतात. मध्ये कोणी डीजे लावला तर बुवा पेटी मिटून घरी जाईल.

तुमच्याकडे कोणी असं एकत्र बसून बघितलंय का? आवाज काय ठेवलात? पावसात डिश जाते त्याचं काय केलंत, तेही सांगा.

टेनिसबॉल_सम्राट, रत्नागिरी

काका, राग मानू नका, पण तुमचं वय बोलतंय. रात्री साडेतीनला मॅच असणार, बाहेर धो धो पाऊस, गाण्याशिवाय कोण जागं राहणार? पोरं गणपतीनंतर मुंबईला जातील ती शिमग्यालाच येतील. आहेत तोवर नाचू दे की.

आणि तुमच्या त्या इंग्लंडमध्ये काय गाणी नाहीत? लिव्हरपूलच्या मैदानावर स्पीकरवर गाणं लागतं, मी स्वतः टीव्हीवर ऐकलंय. युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगला तर अख्खा कोरस.

कर्णेवाला, शिरोडा

वय आहेच, ते लपवत नाही. पण तू दिलेली दोन्ही उदाहरणं माझ्याच बाजूची आहेत बघ.

लिव्हरपूलचं गाणं मुळात 1945 सालच्या एका अमेरिकन संगीत नाटकातलं. 1963 मध्ये लिव्हरपूलच्याच एका बँडने ते पुन्हा गायलं आणि मैदानातल्या लोकांनी उचललं ते आजपर्यंत. म्हणजे नाट्यपदच की रे! रेकॉर्ड लागते ती मॅच सुरू व्हायच्या आधी, आणि पब्लिक एकदा चढलं की रेकॉर्ड आहे की बंद पडली ते साऊंडवाल्यालाही कळत नसेल. चॅम्पियन्स लीगचं गीत 1992 चं. ते हँडेलने 1727 मध्ये इंग्लंडच्या राजाच्या राज्याभिषेकासाठी केलेल्या रचनेवरून बेतलंय. खेळाडू रांगेत उभे असताना वाजतं आणि शिट्टीच्या आधी संपतं. नांदीला माझा विरोध कधीच नव्हता. नांदी संपल्यावर पेटीवाल्याने नटाच्या मागे जायचं असतं, पुढे नाही, एवढंच म्हणणं.

जागं राहण्याचं म्हणशील तर मला हसूच येतं. आमची माणसं दशावताराला पहाट होईपर्यंत थंडीत चटईवर बसतात. माझी आई या वयात शेवटची लढाई बघितल्याशिवाय उठत नाही. मात्र मी मॅचला जागलो की दाराशी उभी राहते, ‘मेल्या, रात्रभर जागतंस, सकाळी माडाक पाणी कोण घालतलो?’

2022 च्या फायनलला काय झालं ते सांगतो. 18 डिसेंबर, रविवार, ऐन जत्रेचे दिवस. एका गावात माझा माईक होता आणि रात्री उशिरा नाटक उभं राहायचं होतं. साडेआठला मॅच सुरू. अर्जेंटिना 2-0, म्हटलं संपलं, वायरी ओढायला घेतल्या. तेवढ्यात फ्रान्सच्या एम्बापेने 80 आणि 81 व्या मिनिटाला दोन मारले. रंगपटात एकाच मोबाईलभोवती सगळी कंपनी. संकासुराचा काळा झगा घातलेला एक, अर्धी साडी नेसलेली राणी, तोंडाला निम्मा रंग लावलेला नारद. जादा वेळेत 3-3 झालं आणि राणीने ‘आता माका बघवना नाय’ म्हणून पदर तोंडावर घेतला. बाहेर मंडळी घड्याळं बघतायत, देवस्थानचे मानकरी दोनदा आत डोकावून गेले, दुसऱ्यांदा आले ते तिथेच उभे राहिले. पेनल्टीवर 4-2 झालं तेव्हा पखवाजवाल्याने जी थाप मारली ती माझ्या चालू माईकवरून सगळ्या जत्रेत गेली. नाटक उशिरा सुरू झालं, पण त्या रात्री राजा-राक्षसाच्या लढाईला काय जोर होता!

तिथे डीजे असता तर मला त्यातलं काय ऐकू आलं असतं?

बांदेकरीण

दादा, डीजे नको याला माझं मत. कारण वेगळं आहे. डीजे आला की पुढची जागा पोरांची होते, त्यातले दोघे-चौघे घेऊन आलेले असतात, मग बायका आणि लहान मुलं येत नाहीत. तुम्हाला वाडी जमवायची आहे की टोळकं, ते आधी ठरवा. सभागृहात बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का, तेही बघा. पहाटेच्या मॅचला हा प्रश्न पहिला येतो, स्पीकरचा नंतर.

मी भावाबरोबर सावंतवाडी स्टेशनवरून मडगावला जाते मॅचेस बघायला, फातोर्ड्याला. ऑक्टोबर 2025 मध्ये एफसी गोवाशी खेळायला रोनाल्डोची सौदी टीम अल नस्र आली तेव्हा ‘रोनाल्डो येणार’ म्हणून आमच्या गल्लीत ज्यांना ऑफसाइड कळत नाही त्यांनीही तिकिटं शोधली. तो आलाच नाही. गोवा 2-1 ने हरली. पण ब्रायसन फर्नांडिसने गोल मारला तेव्हा शेजारच्या अनोळखी आजोबांनी माझ्या भावाला मिठी मारली. रोनाल्डोचं दुःख आमच्यात कोणालाच उरलं नाही. सौदीच्या पैशांच्या टीमला आपल्या गावच्या पोराने गोल मारणं वेगळंच असतं. गोवा आमचं गाव नाही म्हणा, पण बांद्याहून बघितलं तर मुंबईपेक्षा जवळचं आहे.

निवृत्त_ग्रामसेवक, देवगड

भावनेचं बोलून झालं असेल तर नियमाचं ऐका. ध्वनी प्रदूषणाचे 2000 सालचे केंद्राचे नियम आहेत. रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद. सूट आहे ती सभागृहासारख्या बंदिस्त जागेत, आतल्या आत. सण-उत्सवाला राज्य सरकार बारापर्यंत परवानगी देऊ शकतं, तीही वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस. वर्ल्डकप हा सण नव्हे, कितीही वाटला तरी. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे, ती डीजेच्या पहिल्या ठोक्याला ओलांडली जाते.

अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोतल्या मॅचेस आपल्याकडे रात्री साडेनऊनंतरच सुरू होणार, काही सकाळी सहानंतर, म्हणजे बहुतेक बंदीच्या वेळेत. दारं-खिडक्या लावून आत चालवा. बाहेर बॉक्स लावलात तर कोणीतरी फोन करणारच, आणि तो कोण असेल हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं.

आणखी एक. प्रवेशाला पैसे घेऊ नका, कुणा दुकानाचा बॅनर लावू नका. तसं केलंत की ते व्यावसायिक प्रक्षेपण होतं आणि परवाने मागत बसावं लागतं.

सोल्डरिंग_गन, कणकवली

कर्णेवाले, तुम्ही असून हा प्रश्न विचारता? कॉमेंट्री काढायची आहे ना, मग फेज उलटा करा. कॉमेंटेटरचा आवाज डाव्या-उजव्या चॅनेलला सारखाच असतो. एक चॅनेल उलटा करून दोन्ही मिसळले की जे सारखं ते कटतं आणि प्रेक्षकांचा आवाज राहतो. जुन्या कराओके मशीनमध्ये गायकाचा आवाज असाच घालवायचे. पोरांना कॉमेंट्री नको, तुम्हाला डीजे नको, दोघांचंही काम होईल.

पावसाचं सांगतो. डिशचा सिग्नल ज्या पट्ट्यात येतो त्याला जोराचा पाऊस सोसत नाही, छत्री कितीही नीट फिरवा. म्हणून डिश आणि फायबर दोन्ही जोडून ठेवा. पाऊस आला की फायबरवर जा. लाईट गेली तर राऊटरला आणि प्रोजेक्टरला इन्व्हर्टर लागेल, आणि प्रोजेक्टर बॅटरी खातो हे लक्षात ठेवा. मात्र फायबरवर गेलात की एक अडचण आहे. इंटरनेटवरचं प्रक्षेपण डिशच्या मागे असतं. तुमच्या पडद्यावर पेनल्टी घ्यायला माणूस चालत निघालेला असेल आणि बाजूच्या घरातून, जिथे डिश आहे, ‘गोऽऽल’ ऐकू येईल.

कर्णेवाला, शिरोडा

फेजचा उपाय मला माहीत आहे, वापरूनही बघितलाय. कॉमेंटेटर जातो हे खरं. पण बॉलला बसलेली लाथ आणि रेफरीची शिट्टी, जे मधोमध मिसळलेलं असतं तेही बारीक होतं, आणि खालचा सूर, तो घुमारा, पार निघून जातो. मागे राहतो तो पत्र्याच्या डब्यातला गोंगाट. म्हणून सध्या असं ठरवलंय की उलटलेला आवाज मागच्या दोन बॉक्सना, आणि सरळ आवाज, कॉमेंट्रीसकट, पुढच्या एकाला, दबका. सभागृहाला पत्रा आहे. पावसाची सर आली की कॉमेंट्रीच काय, शेजारचा काय बोलतोय तेही कळत नाही, तेव्हा पुढचा बॉक्स वर चढवायला हाताशी ठेवणार.

ताई, स्वच्छतागृहाचं बरोबर बोललीस. सभागृहात एकच आहे आणि त्याला दिवा नाही. दिवा या आठवड्यात लागेल. वाटेवर पावसात शेवाळ धरतं, तिथे फळ्या टाकायला सांगतो.

भाऊसाहेब, नियमाचं तुमचं पोस्ट पोरांना जसंच्या तसं वाचून दाखवलं. माझ्या डबलबारीवर कोणी हललं नव्हतं, 45 डेसिबलवर सगळे गप्प झाले.

सम्राट, तुझ्यासाठी तडजोड केलीय. हाफटाइमची 15 मिनिटं पोरांची. काय लावायचं ते लावा, नाचा, दारं बंद करून. दुसऱ्या हाफची शिट्टी झाली की मिक्सरची किल्ली माझ्याकडे. त्यांनी विचारलं, गोल झाल्यावर निदान दहा सेकंद? मी नाही म्हटलं. गोल झाल्यावरच्या दहा सेकंदांसाठी तर मी हे सगळं भांडण काढलंय.

टेनिसबॉल_सम्राट, रत्नागिरी

हाफटाइम मिळाला, पुष्कळ झालं. पण काका, खरं सांगा, तुमची टीम कुठली? हे सगळं संगीत-बिंगीत म्हणजे ब्राझीलवाल्याची लक्षणं आहेत.

कर्णेवाला, शिरोडा

ब्राझीलच. शाळेत असताना शेजाऱ्यांच्या टीव्हीवर लागली ती सवय. 14 जूनला पहाटे साडेतीनला मोरोक्को. त्यांच्या गटात स्कॉटलंडही आहे, त्यांची माणसं पावा वाजवत येतात, कातड्याच्या पिशवीचा. त्या मॅचला मागचे दोन बॉक्स मी पूर्ण उघडणार.

आठळ्यो

सगळा झाला, पण खावक काय? मिरग लागलो की फणसाच्यो आठळ्यो उकडून घेवन येतंय मी. मीठ तुमी हाडा. आणि ब्राझील हारली तर कर्णेवाल्याक मिक्सराकडसून कोण उठयतलो, ता आताच ठरवा.