प्रकाशाच्या टोपीने ‘त्याच क्षणी’ मेंदू कळतो?

तिरपागडा:
डोक्यावर टोपी घाला, मनात काय चाललंय ते त्याच क्षणी पडद्यावर, असं छातीठोक सांगितलं जातं. मला तो ‘त्याच क्षणी’ खटकतो. एफएनआयआरएस (जवळच्या अवरक्त प्रकाशाने मेंदूतल्या रक्ताचा बदल मोजणारं तंत्र) टोपी ७६० आणि ८५० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश डोक्यात सोडते आणि तीन सेंटिमीटरवरच्या डिटेक्टरवर किती परत आला ते मोजते. त्यातून कळतं ते हिमोग्लोबिन किती बदललं एवढंच. पेशी कामाला लागल्या की रक्त येतं, पण शिखर गाठायला पाच-सहा सेकंद घेतं. संगणक कितीही पळवा, रक्त घाई करत नाही.
हिशेबच करा. हो-नाहीचा एक ट्रायल (प्रश्नाची एक फेरी) २५ सेकंदांचा, अचूकता ७० टक्के. ट्रायलमागे ०.१२ बिट माहिती, म्हणजे मिनिटाला ०.३ बिटही नाही!

निरखून:
टंकलेखनासाठी ही टोपी नकोच, मान्य. पण रिअल-टाइम म्हणजे तात्काळ नव्हे, ठरल्या मुदतीत उत्तर. कामाचा बौद्धिक भार मिनिटागणिक चढतो-उतरतो, तिथे सहा सेकंदांचा उशीर कुणाला बोचतो? ईईजी (मेंदूच्या विजेचा आलेख) वेगवान खरा, पण जबडा आवळला की स्नायूंची वीज सिग्नल गिळते. प्रकाशाला ती बाधत नाही.

दोनतरंग:
वीज बाधत नाही, पण जबडा बाधतो. कानशिलावर ऑप्टोड (प्रकाश सोडणारं किंवा टिपणारं टोक) असेल तर आवळलेल्या स्नायूतलं रक्तच मोजलं जातं आणि क्लासिफायर (सिग्नल ओळखायला शिकवलेला प्रोग्राम) त्याला ‘विचार’ म्हणतो. कातडीचंही तेच. म्हणून आठ मिलिमीटरचे जवळचे चॅनेल (प्रकाश सोडणारं आणि टिपणारं टोक यांच्या जोड्या) हवेत. त्यांच्यातला प्रकाश मेंदूपर्यंत पोचतच नाही, तेव्हा जे दिसतं ते कातडीचं, आणि ते लांबच्या चॅनेलमधून रिग्रेशनने, म्हणजे दोन्हींतला सामाईक भाग गणिताने काढून, वजा करायचं.
टोपी बसवल्यावर आधी कच्चा सिग्नल बघा. सेकंदाला एकदाच्या आसपास नाडीचा ठोका दिसला नाही तर तो चॅनेल बाद. बहुधा ऑप्टोडखाली केस अडकलेले असतात. काडीने भांग पाडून पुन्हा टेकवायचा, नुसता दाबून भागत नाही. आणि दोन्ही हिमोग्लोबिन एकदमच वर गेले तर आधी डोकं हललं का ते बघा. खऱ्या प्रतिसादात ऑक्सिजनवालं चढतं, दुसरं थोडं उतरतं.
आणखी एक खोड: रक्तदाबाची ०.१ हर्ट्झची लाट. दर दहा सेकंदांनी ट्रायल घेतलात तर तीच लाट प्रतिसादाच्या वेषात येते. विश्रांती १२ ते २० सेकंदांत अनियमित ठेवा.

तिरपागडा:
एवढं सगळं पाळलं तरी आकडे फुगतातच. सिग्नल स्वच्छ करणारा फिल्टर पुढून-मागून दोन्हीकडून चालवला की त्याला भविष्य माहीत असतं, थेट वापरात ते कुठून आणणार? एकाच ट्रायलच्या एकमेकांवर चढलेल्या खिडक्या (सिग्नलचे तुकडे) शिकवायलाही आणि तपासायलाही, मग ९५ टक्के का नाही येणार! ४० ट्रायलमध्ये २५ बरोबर आले तरी तो योगायोग असू शकतो, निदान २६ हवेत.
शरीर पूर्ण जखडलेले रुग्ण या तंत्राने हो-नाही सांगतात, असा २०१७ चा ‘प्लॉस बायॉलॉजी’तला लेख आठवतोय ना? २०१९ मध्ये तो मागे घेतला गेला.

निरखून:
लेख मागे गेला म्हणून तंत्र मागे जात नाही. १.३ आणि ३ सेंटिमीटरवर एकमेकांत गुंतलेले दाट ऑप्टोड घेतले की प्रतिमा बरीच सुधारते. फक्त टोपी जड होते, तारांचा जुडगा वाढतो आणि ‘घालून फिरा’ हा दावा बराच लंगडतो. एवढं मी मान्य करतो.

दोनतरंग:
मग वादच कशाला? फिल्टर एकाच दिशेचा, तपासणी वेगळ्या दिवशी टोपी पुन्हा बसवून, सोबत फक्त जवळच्या चॅनेलवर शिकवलेला दुसरा क्लासिफायर. कातडीवाला तितकाच हुशार निघाला तर सांगा, मेंदू कुठे होता?

तिरपागडा:
हा तिसरा मुद्दा फार कमी जण करून बघतात.