प्रति: चॅनेलचे नियम सगळ्यांना सारखेच
"चॅनेलचे नियम सगळ्यांना सारखेच, साइजचा काय संबंध" हे वर लिहिलंय ते नाही पटलं बुवा. अमेरिकेत २०१० मध्ये लेन ब्रायंट या मोठ्या साइजचे कपडे विकणाऱ्या कंपनीचं एका जाहिरातीवरून एबीसी आणि फॉक्स या टीव्ही चॅनेलशी वाजलं तेव्हा चॅनेलवाले पण असंच काहीसं म्हणत होते. जाहिरातीत काय तर अ‍ॅशली ग्रॅहम ही प्लस-साइज मॉडेल आतल्या कपड्यांत घरात वावरतेय, फोनवर लंचचा रिमाइंडर येतो, वरून कोट चढवते आणि निघते, संपलं. कंपनीचं म्हणणं की फॉक्सने क्लीव्हेजवरून परत परत एडिट करायला लावलं (आता ते कमी करणार कसं, कात्रीने?). आणि एबीसीचं म्हणाल तर २००१ मध्ये त्यांनीच व्हिक्टोरियाज सीक्रेट या आतल्या कपड्यांच्या ब्रँडचा, बारीक मॉडेल्सवाला अख्खा फॅशन शो प्राइमटाइमला दाखवला होता, जाहिरात नाही, पूर्ण शो, पंख बिंख लावून.