कीड पल्पपर्यंत पोचलेली नाही, तरी पल्पला सूज कशी?

प्रश्न: खालच्या दाढेत खोल कीड आहे. एक्स-रेमध्ये कीड आणि पल्प (दाताच्या आतला नसा-रक्तवाहिन्यांचा मऊ गाभा) यांच्यामध्ये साधारण १ मिमी डेंटिन (पल्पभोवतीचा कठीण थर) दिसतं. तरी थंड लावलं की कळ येते आणि थंड काढल्यावरही अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त टिकते. जिवाणू आत शिरलेच नसतील तर सूज कशाने? अँटिबायोटिकने उतरेल का?

उत्तर १: जिवाणूंच्या आधी त्यांचे पदार्थ आत पोचतात. डेंटिन भरीव नसतं. पल्पजवळ दर चौरस मिलिमीटरला सुमारे ४५,००० नलिका असतात, प्रत्येकीचा व्यास अडीच मायक्रॉनच्या आसपास. त्यातून लायपोपॉलिसॅकराइड म्हणजे एंडोटॉक्सिन, ग्रॅम-निगेटिव्ह गटातल्या जिवाणूंच्या भिंतीतलं विष, सहज झिरपतं. बोलताना सगळे त्याचंच नाव घेतात, पण सुरुवातीच्या किडीत दुसऱ्या, ग्रॅम-पॉझिटिव्ह गटातले जिवाणू जास्त असतात, म्हणून त्यांच्या भिंतीतल्या लायपोटायकोइक आम्लाला विसरू नका.

हे पदार्थ सगळ्यात आधी ओडोंटोब्लास्ट पेशींना (पल्पच्या कडेच्या, डेंटिन बनवणाऱ्या) भेटतात. एंडोटॉक्सिन टीएलआर-४ या जिवाणू ओळखणाऱ्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटतं, लायपोटायकोइक आम्ल टीएलआर-२ ला. मग पेशीत एनएफ-कप्पा-बी (सुजेची जनुकं चालू करणारं प्रथिन) जागं होतं, इंटरल्यूकिन-८ हा बोलावणारा संकेत बाहेर पडतो आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी त्या दिशेने सरकतात. रक्तवाहिन्या पाझरू लागतात. भोवती कठीण भिंती, फुगायला जागा नाही, त्यामुळे त्या कोपऱ्यात दाब वाढतो. पल्पच्या वेदनातंतूंवरही टीएलआर-४ असतो, म्हणजे एंडोटॉक्सिन त्यांना थेटही हळवं करतं.

उत्तर २: वरच्याला जोड. एक्स-रे सपाट चित्र असतं, त्यातलं १ मिमी प्रत्यक्षात कमी असू शकतं. कळ इतकी रेंगाळते म्हणजे सूज आपोआप मागे फिरण्याची आशा कमीच.

अँटिबायोटिकचा इथे उपयोग नाही. जिवाणू मेला तरी त्याच्या भिंतीतलं एंडोटॉक्सिन तसंच काम करत राहतं, आणि उगम किडलेल्या डेंटिनमध्ये असतो. तो काढावा लागतो: रबर डॅम (लाळ दूर ठेवणारा रबरी पडदा) लावून, आधी खड्ड्याच्या कडा पूर्ण साफ करून, शेवटी पल्पवरची कीड. पल्प उघडा पडला तर पल्पचा वरचा भाग काढून सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकात भिजवलेला बोळा दाबा. ५ ते १० मिनिटांत रक्त थांबलं तर एमटीए (पल्प झाकणारं सिमेंट) आणि त्याच बैठकीत पक्कं सील. थांबलं नाही तर सूज मुळांत उतरली आहे, रूट कॅनाल करा.

प्रश्नकर्ता: हायपोक्लोराइट किती टक्के? आणि एमटीएऐवजी कॅल्शियम हायड्रॉक्साइड चालेल?

उत्तर २: दीड ते सहा टक्के. कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा पीएच १२.५ असतो, तो एंडोटॉक्सिनमधल्या लिपिड-ए या विषारी भागाची स्निग्धाम्लं तोडतो, म्हणून रूट कॅनालमध्ये दोन बैठकींदरम्यान उत्तम. उघड्या पल्पवर मात्र एमटीएच बरं: कॅल्शियम हायड्रॉक्साइड काळानुसार विरघळतं आणि खाली पुन्हा गळतीला वाट मिळते.