दत्तक लेक उशीत पोळ्या लपवते, सल्ला हवाय

सायली_पुणे:
लेक सहा वर्षांची. उन्हाळ्यात संस्थेतून घरी आली, त्याआधी बऱ्याच जागा बदलून झाल्यात तिच्या. पोटभर जेवते, तरी उशीच्या अभ्र्यात पोळ्या सापडतात. विचारलं की "मी नाही ठेवली". आवाज चढला की रडत नाही, नुसती थिजते. सासूबाई म्हणतात, आत्ताच वळण लावा. कोणाला अनुभव?

रानजाई:
आमचा मुलगाही मोठा होऊन घरी आला. त्याला स्वतःचा डबा दिला: चुरमुरे, खजूर, चिक्की. उशाशी ठेवायचा, न विचारता खायचा. संपला की त्याच्यादेखत भरायचा, शेरा न मारता. आणि काहीही झालं तरी शिक्षा म्हणून डबा काढून घ्यायचा नाही. आधी रोज फस्त व्हायचा, पुढे तसाच पडून राहायला लागला. अभ्र्यातलं शिळं मात्र गुपचूप काढा, मुंग्या होतात.

मनोमनी (समुपदेशक):
डब्याला अनुमोदन. पोळी दिसत असताना "तू ठेवलीस का?" विचारूच नका. घाबरलेलं मूल "नाही"च म्हणणार. थिजते तेव्हा उपदेश तिच्यापर्यंत पोचत नाही. आवाज खाली आणा, शेजारी बसा, बोलणं नंतर. खोलीत एकटं बसवायची शिक्षा या मुलांना नकोच, सोडून दिल्यासारखं वाटतं.
थेरपिस्ट निवडताना विचारा, पालकांना सत्रात घेता का? मुलाला जबरदस्तीने धरून रडवणारे 'उपचार' कोणी सुचवले तर सरळ उठून या. तोवर टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन), १४४१६, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

विदर्भकन्या:
संस्थेच्या ताई भेटीला आल्या की सगळं छान आहे असं दाखवू नका! मूल परत नेतील या भीतीने बरेच जण गप्प बसतात. २०२२ च्या दत्तक नियमांप्रमाणे दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाठपुरावा असतो, आणि अडचण असेल तर समुपदेशनाची सोय करणं संस्थेचं काम आहे. बाल अध्ययन अहवालही (संस्थेने तयार केलेली मुलीची माहिती) पुन्हा वाचा, आधीच्या जागांबद्दल काही सापडेल.

रानजाई:
आणि डबा भरायचं खातं सासूबाईंकडे द्या. वळणाचा विषय आपोआप मागे पडतो.

सायली_पुणे:
सगळ्यांचे आभार. सासूबाईंना धागा वाचून दाखवला. खजूर चालेल, चिक्कीने दात किडतात म्हणाल्या. आता पुढचा प्रश्न: शाळेने वंशवृक्ष काढून आणायला सांगितलाय. बाईंना किती सांगायचं?