रोरी गॅलगरचा 'ड्यूस'

आयरिश ब्लूज-रॉक गिटारवादक रोरी गॅलगरबद्दल कुणीतरी लिहिलंय की तो ऐकायचा तर लाइव्हच, स्टुडिओतले अल्बम अळणी. पहिलं अर्धं मान्य. पण मग 'ड्यूस'चं काय?

१९७१चा हा त्याचा दुसरा सोलो अल्बम. पहिलाही त्याच वर्षीचा, आणि पुढच्या वर्षी 'लाइव्ह इन युरोप' आला. या दोघांच्या मध्ये बिचारा चेपला गेला. खरं तर लाइव्हचा कैफ स्टुडिओत पकडायचा हाच रोरीचा यात प्रयत्न होता, आणि प्रोड्यूसही त्याने स्वतःच केला. बेसवर जेरी मॅकअॅव्हॉय, ड्रम्सवर विल्गर कॅम्पबेल, बस्स. आवाज थोडा खरखरीत आहे, कडा घासलेल्या नाहीत. मला तेच आवडतं.

'क्रेस्ट ऑफ अ वेव्ह' मोठ्या आवाजात लावा. शेवटच्या त्या स्लाइडमध्ये (म्हणजे तारांवर नळी घसरवत वाजवणं) गिटार अक्षरशः बेभान होते, आणि बेस तिला जराही उसंत देत नाही. 'इन युअर टाउन'मध्येही स्लाइडच, पण तिथे मजा रेटून धरलेल्या तालाची. उलट 'आय ॲम नॉट अवेक येट'मध्ये अकूस्टिक गिटारवर आयरिश लोकसंगीताची छटा आहे. माझ्या मते हे अल्बममधलं सगळ्यात देखणं गाणं. ब्लूजची नक्कल करणाऱ्या त्या काळच्या ब्रिटिश पोरांपेक्षा हा आयर्लंडमधल्या कॉर्कचा गडी वेगळा का, ते इथे कळतं. ('शुड हॅव लर्न्ट माय लेसन' मात्र मी बहुतेक वेळा गाळून पुढे जातो, फारच साचेबद्ध वाटतं.)

आणि द स्मिथ्स या इंग्लिश बँडचा गिटारवादक जॉनी मार याने शाळकरी वयात याच अल्बमबरोबर वाजवत गिटार घोटली होती. अळणी म्हणे!