व्हॉक्सवर पहिलाच शब्द गायब होतो: ड्रायव्हर आणि स्पॉटरमध्ये हात न लावता बोलायचं तर कोणता सेटअप?

चिखल्या_कोल्हापूर

गोव्यातल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या पावसाळी ऑफ-रोड स्पर्धेसाठी जिप्सी तयार होतेय. ड्रायव्हर आत, को-ड्रायव्हर बाहेर. विंचचा (अडकलेली गाडी ओढून काढणाऱ्या मोटरच्या ड्रमचा) रोप ओढणं, ट्री स्ट्रॅप (झाडाभोवतीचा पट्टा) बांधणं, शॅकल (जोडकडी) लावणं आणि त्यातच स्पॉटिंग, म्हणजे बाहेरून ड्रायव्हरला वाट सांगणं, सगळं त्या एकाकडे. त्यामुळे बटण दाबून बोलायला हात मोकळा नसतो.

सध्या दोन यूएचएफ हँडसेट आहेत, दोन पिनांचे हेडसेट लावलेले, दोन्हीकडे व्हॉक्स (बटण न दाबता, आवाज ओळखून आपोआप ट्रान्समिट) चालू. अडचणी तीन:

१. बोलण्याचा पहिला तुकडा कापला जातो.
२. ड्रायव्हरने रेस वाढवली की त्याचा सेट आपोआप ट्रान्समिटला जातो.
३. इंजिनच्या आरपीएमबरोबर चढउतार होणारी शिट्टी ऐकू येते. ड्रायव्हरचा हँडसेट गाडीच्या १२ व्होल्ट सॉकेटवर चार्जिंगला असतो.

बजेट २५ हजारांपर्यंत. सेटिंग बदलून भागेल की दुसरं काही घ्यावं?

लहरी_लांबी

आधी दुसरी अडचण सोडवा, कारण ती धोक्याची आहे. बाकीच्या नुसत्या त्रासाच्या.

साधा वॉकीटॉकी एका वेळी एकतर बोलतो नाहीतर ऐकतो. रेस वाढून ड्रायव्हरचा व्हॉक्स उघडला की तेवढा वेळ त्याचा सेट बहिरा. बाहेरून स्पॉटर 'थांब' ओरडतोय आणि आत काहीच पोचत नाही, तेही नेमकं गाडी जोरात असताना. म्हणून ड्रायव्हरकडे व्हॉक्स कधीच नको. त्याला बटण द्या आणि ते स्टिअरिंगवर लावू नका. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवताना वायर गुंडाळली जाते. पायाचं बटणही नको, फ्लोअरवर पाणी आलं की गेलं. गिअर लिव्हरच्या नॉबला वेल्क्रोने बांधलेलं बटण डाव्या अंगठ्याखाली येतं आणि वायर फार हलत नाही. ड्रायव्हरला बोलायचं असतं तेही कमीच: 'दिसत नाही', 'थांबलो', 'विंच बंद'.

आता कापला जाणारा शब्द. सगळे व्हॉक्सला दोष देतात, पण तिथे तीन उशीर एकावर एक चढलेले असतात.

पहिला बोलणाऱ्याच्या सेटमधला. आवाज ओळखून ट्रान्समीटर चालू व्हायला थोडा वेळ जातो. दुसरा ऐकणाऱ्याच्या सेटमधला बॅटरी सेव्हर. रिसीव्हर झोपतो, ठरावीक अंतराने जागा होऊन कान देतो. तो झोपेत असताना सुरू झालेला शब्द गेला. तिसरा सीटीसीएसएस टोन, म्हणजे बोलण्याबरोबर जाणारा, आपल्याला ऐकू न येणारा ओळखीचा सूर. टोन ओळखल्याशिवाय स्पीकर उघडत नाही आणि त्यालाही साधारण पाव सेकंद लागतो. बेरीज अर्ध्या सेकंदाच्या पुढे गेली की 'डावी' आणि 'उजवी' दोन्ही नुसतं 'वी' म्हणून पोचतात.

सेटिंग असं करा: दोन्ही सेटवर बॅटरी सेव्हर बंद. सीटीसीएसएस बंद, निदान ऐकण्याच्या बाजूने. रॉजर बीप (बोलणं संपल्यावर वाजणारी टीप) बंद. व्हॉक्स फक्त स्पॉटरकडे, आणि त्याची पातळी गाडी शेजारी रेसवर ठेवून लावा, घरात बसून नाही. सर्वांत संवेदनशील पातळीपासून सुरू करून एकेक पायरी खाली या. इंजिनच्या आवाजाने उघडणं थांबलं की तिथेच ठेवा. व्हॉक्सचा हँग टाइम, म्हणजे बोलणं थांबल्यावर ट्रान्समीटर किती वेळ उघडा राहतो तो, मेनूत असेल तर अर्ध्या सेकंदाच्या आसपास. दोन सेकंद ठेवला तर तेवढा वेळ स्पॉटर बहिरा. टाइम-आउट टायमर ६० सेकंद. व्हॉक्स अडकून राहिलाच तर सेट स्वतःहून गप्प होईल.

टोन लावला की चॅनल 'आपला' झाला हा गैरसमज सगळीकडे आहे. टोन फक्त तुमचा स्पीकर बंद ठेवतो. त्याच चॅनलवर दुसरी टीम बोलत असेल तर लहरी आदळायच्या त्या आदळतातच, फक्त तुम्हाला कळत नाही. गर्दी असेल तर टोन नको, चॅनल बदला.

परवाना_आहे_का

वरच्या सेटिंगशी सहमत, पण ते यूएचएफ सेट नेमके कोणत्या फ्रिक्वेन्सीवर आहेत ते सांगितलं नाहीत. ऑनलाइन मिळणारे ५ वॅटचे, कीपॅडवरून कुठलीही फ्रिक्वेन्सी टाकता येणारे सेट भारतात परवान्याशिवाय वापरणं बेकायदा आहे. 'जंगलात कोण बघतंय' हे उत्तर नव्हे. गोव्यात पावसाळ्यात बचाव पथकं आणि पोलिस वायरलेस दोन्ही कामात असतात.

विनापरवाना चालणारे पर्याय मोजकेच:

४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ. इथे पीएमआर जातीचे (खासगी वापराचे छोटे वॉकीटॉकी), अर्ध्या वॅटचे, पक्क्या अँटेनाचे सेट येतात. १२.५ किलोहर्ट्झ अंतराने १६ चॅनल. स्पॉटर गाडीपासून ५० मीटरच्या आत असतो, त्याला अर्धा वॅट भरपूर झाला. सेटला ईटीए म्हणजे इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल आहे का ते विकत घेण्याआधी विचारा.

२.४ गिगाहर्ट्झ. मोटरसायकलवाल्यांचे ब्लूटूथ आणि मेश (अनेक सेट जाळ्यासारखे आपसात जोडणारे) इंटरकॉम इथे चालतात.

२७ मेगाहर्ट्झचा सिटिझन बँड. विनापरवाना आहे, पण पाव लहरीची अँटेना जवळजवळ पावणेतीन मीटरची होते. आखूड केली तर कार्यक्षमता जाते, लांब ठेवली तर पहिल्याच फांदीत अडकते. हातात धरून रोप ओढणाऱ्या माणसासाठी नाहीच.

हॅम परवान्यावर ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ वापरता येतो, पण मग ड्रायव्हर आणि स्पॉटर दोघांकडेही परवाना हवा. एकाकडे असून भागत नाही.

अमेरिकेतून कुणाकडून सेट मागवत असाल तर दोन गोष्टी टाळा. तिथले ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झचे सेट इथे विनापरवाना नाहीत. आणि तिथल्या १.९ गिगाहर्ट्झच्या डेक्ट (कॉर्डलेस फोनच्या तंत्राच्या) हेडसेटची लहर आपल्याकडच्या मोबाइल फोनच्या अपलिंक (फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या) पट्ट्यात पडते. वस्तू उत्तम आहे, पण इथली नाही.

आयोजकांच्या पूरक नियमावलीत रेडिओबद्दलचं कलमही वाचा. काही ठिकाणी टीमबाहेरच्या माणसाकडून रेडिओवर मदत घेतली तर पेनल्टी लागते. मार्शलचा चॅनल कोणता ते विचारून त्यापासून लांब राहा.

क्लीनर_साइड

तांत्रिक बाजू वर झाली, शब्दांचं बघा. रेडिओ कितीही चांगला असला तरी कमांड चुकीच्या असतील तर उपयोग नाही.

डावी-उजवी पूर्ण बंद करा. स्पॉटर गाडीकडे तोंड करून उभा असतो, त्याची डावी ती ड्रायव्हरची उजवी. ट्रकवाल्यांचं 'ड्रायव्हर साइड' आणि 'क्लीनर साइड' घ्या. कुणी कुठेही तोंड करून उभा असला तरी अर्थ बदलत नाही, आणि सुरुवातीचा तुकडा कापला गेला तरी उरलेलं वेगळं ऐकू येतं.

'हळू' आणि 'चालू' एकत्र ठेवू नका. अर्धे कापले तर दोन्ही सारखेच. 'हळू'च्या जागी 'क्रॉल' चालतं.

सर्वांत घातक जोडी विंचवर आहे: 'सोड' आणि 'ओढ'. 'सोड'मधला 'स' गेला की ड्रायव्हर विंच ओढणार, आणि समोरच्याची बोटं शॅकलमध्ये. 'विंच इन', 'विंच आउट' म्हणा. फरक शेवटच्या शब्दात आहे आणि कापलं जातं ते सुरुवातीला.

'थांब' नेहमी तीनदा: 'थांब थांब थांब'. पहिला व्हॉक्स उघडण्यात गेला तरी दोन पोचतात. बाकीच्या कमांडच्या आधी गाडीचा नंबर किंवा नुसतं 'हां' म्हणायची सवय लावा.

आणि गाडी हलत असताना स्पॉटरने सतत बोलत राहावं, 'येऊ दे, येऊ दे'. आवाज बंद झाला की ड्रायव्हरने ब्रेक. लिंक तुटली, बॅटरी गेली, स्पॉटर घसरून पडला, काहीही झालं तरी गाडी उभी राहते.

लहरी_लांबी

शेवटच्या मुद्द्यात एक दुरुस्ती. साध्या वॉकीटॉकीवर स्पॉटर सलग बोलत राहिला तर ड्रायव्हरचं 'विंच बंद' कधीच पोचणार नाही, कारण स्पॉटरचा सेट ट्रान्समिटवर अडकलेला. 'येऊ दे' म्हणून सेकंदभर थांबायचं, मग पुन्हा. त्या फटीत ड्रायव्हर घुसू शकतो. हँग टाइम अर्धा सेकंद सांगितला तो यासाठीच.

सलग बोलणं हवंच असेल तर दोन्हीकडून एकाच वेळी बोलता येणारा सेट लागतो, म्हणजे हेल्मेट इंटरकॉम.

चिखल्या_कोल्हापूर

इंटरकॉमचाच विचार होता, पण पावसात आणि ओल्या झाडीत २.४ गिगाहर्ट्झ टिकतं का? शिवाय स्पॉटर कमरेभर पाण्यात उतरतो. शिट्टीचं कारण चार्जर असेल का?

मेश_की_मेष

तुमच्या कामासाठी इंटरकॉमच घ्या. कार्डो किंवा सेना यांचे मेश किंवा साधे ब्लूटूथ, दोन नगांची जोडी. बजेटमध्ये दोन साधे ब्लूटूथ बसतात, आणि फक्त दोनच माणसं असतील तर मेशची गरजही नाही. तिसरा माणूस, म्हणजे दुसऱ्या बाजूचा स्पॉटर, असेल तरच मेशचे पैसे मोजा.

ओल्या पानांतून २.४ गिगाहर्ट्झची रेंज पडते हे खरं. पाणी ही लहर शोषतं, माणसाचं शरीरही शोषतं. बॉक्सवर लिहिलेला किलोमीटर विसरा. पण ३०-४० मीटरवर गाडी दिसत असताना अडचण येत नाही. अडचण येते ती स्पॉटर दरडीच्या पलीकडे रोप घेऊन गेला की. तिथे आवाज तुटायला लागला की बोलत बसायचं नाही, हाताच्या खुणा. उघडा पंजा म्हणजे थांब, हे दोघांना झोपेतही माहीत हवं.

लावताना:

फोनची जोडणी तोडा. स्टेजच्या मध्ये कॉल आला तर बरेच सेट इंटरकॉम बाजूला सारून कॉलला प्राधान्य देतात. संगीत शेअरिंगही बंद.

स्पॉटरला पूर्ण बंद हेल्मेट देऊ नका. उघडं, राफ्टिंगचं किंवा गिर्यारोहणाचं हेल्मेट, त्यावर बूम माइक, आणि स्पीकर एकाच कानाला. दुसरा कान मोकळा हवा. रोपचा करकर आवाज, मार्शलची शिट्टी, मागून येणारी गाडी हे रेडिओवर ऐकू येत नाही.

माइक तोंडाच्या कोपऱ्याजवळ, ओठांपासून बोटभर. समोर ठेवला तर श्वास आदळतो, लांब नेला तर इंजिन आणि आवाज सारख्याच पातळीवर येतात, आणि मग कुठलंही नॉइज कॅन्सलेशन मदत करत नाही.

पावसात पहिला बळी माइकच्या स्पंजचा. स्पंज भिजला की भोकांवर पाण्याचा पडदा बसतो आणि माणूस विहिरीतून बोलल्यासारखा येतो. सेट बिघडला समजून लोक सेटिंग खेळत बसतात. चार-पाच जादा स्पंज झिप पिशवीत ठेवा, प्रत्येक स्टेजनंतर बदला.

वॉटरप्रूफचा आकडाही नीट वाचा. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, पण सगळी झाकणं बंद असताना. दोन पिनांचा हेडसेट हँडसेटला लावला की रबरी झाकण उघडं, म्हणजे तो आकडा गेला. वॉकीटॉकीच ठेवणार असाल तर तो अँटेनासकट पारदर्शक ड्राय पाउचमध्ये घाला आणि वायर बाहेर येते तिथे सेल्फ अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप ताणून गुंडाळा. पिनांवर चिमूटभर सिलिकॉन डायइलेक्ट्रिक ग्रीस. स्क्रूने बसणारा ॲक्सेसरी प्लग असलेला सेट मिळाला तर तोच घ्या.

स्पॉटरच्या अंगावर लोंबती वायर नको. टी-शर्टच्या आतून, पाठीवरून न्या. विंचच्या रोपात किंवा ड्रममध्ये हेडसेटची वायर गेली तर ती मान खेचते. वाटेत सहज सुटणारा जोड ठेवा, आणि गळ्यात लॅनयार्ड घालूच नका.

थ्रोट माइक कुणीतरी सुचवेलच. वारा आणि इंजिन तो उत्तम गाळतो, पण 'स', 'श', 'फ' पण गाळतो. वर 'सोड'चं जे लिहिलंय ते तिथे जास्तच लागू. ड्रायव्हरला ठीक, स्पॉटरला नको.

बॅटरी_बारा_व्होल्ट

शिट्टीचं उत्तर: चार्जर काढा. आरपीएमबरोबर चढणारी शिट्टी म्हणजे अल्टरनेटरचा रिपल (विजेतला चढउतार), आणि तो चार्जरच्या वायरमधून सेटमध्ये घुसतोय. खात्री करायला इंजिन रेसवर ठेवून फक्त प्लग उपटा. शिट्टी लगेच गेली तर झालं. शिट्टीऐवजी टकटक असेल आणि तीही आरपीएमबरोबर वाढत असेल तर ती इग्निशनची. जिप्सी पेट्रोल आहे, तेव्हा प्लग रेझिस्टरवाले आहेत का आणि प्लगच्या वायरी चिरलेल्या नाहीत ना ते बघा.

स्टेज चालू असताना गाडीच्या वीजेवर रेडिओ नकोच. ९५०० पौंडी विंच पूर्ण लोडवर ४०० अँपियरच्या आसपास ओढतो, बॅटरीचा व्होल्टेज खाली कोसळतो, आणि गाडीवर चालणारा कुठलाही सेट नेमका विंच चालू असतानाच रीस्टार्ट होऊ शकतो. सेटच्या स्वतःच्या बॅटरीवर चालवा आणि चार्जिंग दोन स्टेजच्या मध्ये पॉवर बँकवरून. हँडसेट विंचच्या सोलेनॉइड बॉक्सपासून (विंचची वीज चालू-बंद करणाऱ्या पेटीपासून) आणि जाड केबलपासून हातभर लांब, रोल केजच्या (गाडीतल्या संरक्षक पाइपांच्या चौकटीच्या) वरच्या आडव्या पाइपला बांधा. अँटेना पाइपला चिकटवू नका, मोकळी उभी राहू द्या.

स्पर्धेच्या आधीची चाचणी अशी करा: गाडी झाडाला विंचवर बांधून लोड द्या, रेस दोन-अडीच हजारावर, स्पॉटर रोपच्या बाजूला ३० मीटरवर आणि ओढीच्या रेषेबाहेर. तो 'विंच आउट', 'क्लीनर साइड', 'थांब थांब थांब' अशा कमांड क्रम बदलून वाचेल, ड्रायव्हर ऐकलं ते परत म्हणेल. मग स्पंज भिजवून तेच पुन्हा. ज्या कमांडला ड्रायव्हर अडखळला ती यादीतून काढून दुसरी घाला.